काट्याचा पत्ता

नवा नेटवर्क स्विच आला की आमच्या ऑफिसात सगळ्यांना खोकं फोडायची घाई असायची. सोपानआप्पा गव्हाणे खोक्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. तो डबा जिथं बसवायचा तिथं आधी जायचे, हात पाठीमागं बांधून आवारभर हिंडायचे आणि भेटेल त्याला एकच विचारायचे, "हितं बंद काय काय हाय?"

लोकांना वाटायचं भंगारवाला आला. एका सूतगिरणीच्या वॉचमननं तर त्यांना खरोखरच जुने पंखे दाखवायला नेलं होतं. आप्पांनी पंखे नीट बघितले, चांगले आहेत म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, की ह्या शेडात एखादा कॉम्प्युटर झाकून ठेवलेला आहे का. ऑफिसात आम्ही त्यांना माघारी तलाठी म्हणायचो. आप्पा पिशवी घेऊन उठले, की कुणीतरी म्हणायचं, "निघाले पंचनाम्याला." त्यांना ते माहीत होतं. एकदा जाता जाता दारातून म्हणाले, "तलाठ्याला पगार जास्त आसतो रे," आणि गेले.

आमचं ऑफिस सोलापुरात, रेल्वे लाइन्सच्या बाजूला, एका दवाखान्याच्या वर. गिरण्या, कॉलेजं, कारखाने, जिथं जिथं संगणक एकमेकांना जोडायचे असतील तिथं आम्ही जायचो. मी तिथं लागलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मुलगी लहान होती. आप्पा तिथले सगळ्यात जुने. अंगानं वाळकुडे, शर्ट बाहेर सोडलेला, खिशात पेनाऐवजी छोटा स्क्रू ड्रायव्हर. कुणाचं कौतुक करणं त्यांना जमत नसे. काम चांगलं झालं असलं तर ते काहीच बोलत नसत, आणि त्यांच्या काहीच न बोलण्याची आम्ही वाट बघायचो.

ह्या धंद्यातलं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवा स्विच किंवा राउटर येतो तेव्हा त्याला स्वतःचा असा पत्ता नसतो. मग एक चपटी निळी केबल लावून, लॅपटॉपवरून त्याला पहिल्यांदा पत्ता द्यायचा. पत्ता, मग त्याची हद्द, मग बाहेर पडायचा दरवाजा. एवढं झालं की तो त्या ठिकाणच्या इतर यंत्रांच्यात राहायला मोकळा. अट एकच. तो पत्ता आधीच दुसऱ्या कुणाचा असता कामा नये. एका पत्त्यावर दोघं आले की दोघांचंही बोलणं तुटक तुटक होतं, ह्याचा निरोप त्याला जातो आणि त्याचा कुणालाच जात नाही.

ते तपासायची साधी रीत म्हणजे त्या पत्त्यावर लॅपटॉपवरून हाक मारायची. कुणी ओ दिली नाही, तर जागा रिकामी. आम्ही सगळे तेवढंच करायचो. आप्पांचा त्यावर विश्वास नव्हता. म्हणायचे, "जागा आसतो त्योच ओ देतो. झोपलेला कुटनं देईल?" म्हणून ते बंद पडलेलं, कुलपात असलेलं, सुट्टीवर गेलेलं असं सगळं शोधत हिंडायचे. दर वेळी काही सापडायचं असं नाही. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी असाच अर्धा दिवस घालवला. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी वैतागून विचारलं, की एवढं हिंडून काय मिळालं. आप्पा म्हणाले, "कायबी न्हाय. आता झोप लागंल." डॉक्टरांनी आमच्या मालकांकडे तक्रार केली ती केलीच.

ही सवय कुठून आली ते मला चिंचोळी एमआयडीसीत कळलं. टॉवेलच्या एका कारखान्याचं काम होतं, जेवणाच्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली बसलो होतो. आप्पांनी भाकरीवर शेंगाचटणी घेतली होती आणि बोलता बोलता ती तशीच राहिली. त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं. सरकारनं वर माळावर नवं गाव आखलं, दगड रोवले, दगडांवर आकडे घातले. आप्पा तेव्हा शाळेत जायच्या वयाचे. बैलगाडीत बिऱ्हाड घालून ही मंडळी आपल्या दगडापाशी पोचली, तर त्या दगडाला कुणीतरी शेळी बांधलेली आणि बाजूला चूल पेटलेली. दुसऱ्या बुडीत गावाचं एक कुटुंब. त्यांनाही तोच आकडा मिळाला होता. दोघी बाया दिवसभर भांडल्या, आणि दिवस मावळून कडूस पडताना आप्पांच्या आईनं त्या बाईच्या पोरांना स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. पण एका दगडाची दोन घरं हा घोळ पुढं कित्येक वर्षं निस्तरत होते.

"आन् खरी गंमत सांगू का?" आप्पा म्हणाले. "त्या माळावर आधी धनगरं मेंढ्या चारायची. ती तवा घाटाकडं गेल्ती. ती नव्हती, म्हणून सरकारनं म्हणलं, माळ रिकामा हाय."

मग त्यांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि कारखान्याच्या मागच्या बंद शेडाकडे निघाले.

आता मला जे लिहायचं आहे त्याच्याकडे येतो. मी ह्याच्या आधी दोनदा लिहायला बसलो होतो आणि दोन्ही वेळा इथपर्यंत येऊन उठलो.

एका साखर कारखान्याचं काम मिळालं. नाव लिहीत नाही. आप्पांच्या गावापासून जवळ, गावातला बहुतेक ऊस तिथंच जायचा, त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचासुद्धा. आप्पांनी हे काम मालकांकडे मागून घेतलं. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना तेव्हाच एकदा पाहिलं. गाळप संपलं होतं, कारखाना उन्हाळ्याचा बंद. त्याच काळात चैत्रात त्यांच्या गावच्या भैरोबाची जत्रा असते. धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, जुन्या गावाच्या जागेपर्यंत चालत जाता येतं. तिथनं पालखी उठते आणि वर माळावरच्या नव्या देवळात येते. पुढच्या दांडीचा उजवा खांदा गव्हाण्यांचा. जुन्या गावात होता, नव्या गावातही राहिला. आप्पा वर्षभर गावाला क्वचित जायचे, पण त्या दिवशी खांदा द्यायला ते नाहीत असं कधी झालं नव्हतं.

नेमका त्याच दिवशी मुख्य स्विचला पत्ता द्यायचा होता. आप्पा आदल्या दिवशी गावाला गेले. जाताना मला म्हणाले, "आवारातली यंत्रं मी बघितल्यात. फकस्त काटा ऱ्हायलाय. काटा आता बंद आसंल. तितल्या माणसाला गाठून, खोली उघडून बघ, मगच पत्ता दे."

काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायचा वजनकाटा. त्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर असतो, हंगाम संपला की तो झाकून ठेवतात. काटा आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जवळच्याच वस्तीवर राहत होता. ऊन होतं. एवढंच. मुलगी तेव्हा खोकल्यानं बेजार होती आणि मला लवकर घरी जायचं होतं, हे मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तेही खरं आहे. पण उन्हाचं कारण जास्त खरं आहे.

मी कारखान्याच्या ऑफिसच्या इमारतीत बसून हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मी पत्ता दिला. दुपारी आप्पांचा फोन आला. मागं हलग्या वाजत होत्या. त्यांनी विचारलं, काट्यावर जाऊन आलास का. मी म्हटलं, "हो आप्पा, विचारलं. तिथं काही नाही." ते थोडं थांबले. मग बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला, काट्याचा कॉम्प्युटर उघडला गेला आणि आपल्या जुन्या पत्त्यावर येऊन बसला. त्या पत्त्यावर मी स्विच बसवलेला. मग जे व्हायचं तेच झालं. काट्याची जोड मध्येच तुटायची. तुटली की पडद्यावर आधीच्या गाडीचं वजन तसंच राहायचं, आणि मागच्या रांगेच्या गडबडीत तिथला माणूस तीच पावती काढून पुढच्याच्या हातात द्यायचा. कुणाला कमी वजनाची मिळाली, कुणाला जास्त. ज्यांना जास्तीची मिळाली ते बोलले नाहीत.

उसाच्या पट्ट्यात काटामारी, म्हणजे वजनातली चोरी, हा शब्द नुसता कुणी उच्चारला तरी माणसं गाडीवरून खाली उतरतात. आम्ही पोचलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेलेली होती, ट्रॅक्टर बंद करून सगळे काट्यापाशी उभे. त्यातले पुष्कळ आप्पांच्या गावचे होते. अण्णांची ट्रॉली रिकामी होऊन बाजूला लागलेली. त्यांची पावती कमीची होती, आणि ऊस गाळपाच्या गव्हाणीत पडून गेलेला, परत तोलायची सोय नाही.

आप्पांना दोष सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी काट्याच्या खोलीतून पत्ता वाचला, आत जाऊन स्विचचा वाचला, स्विचचा बदलला. काटा चालू झाला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ते ज्या नजरेनं एखादी वायर तपासायचे त्या नजरेनं.

बाहेर कारखान्याचे मोठे साहेब उभे होते, आमचे मालकही येऊन पोचले होते. साहेबांनी सगळ्यांच्या समोर विचारलं, की हा पत्ता दिला कुणी.

मी केबल गुंडाळत होतो. गुंडाळून झालेली केबल मी सोडली आणि परत गुंडाळायला लागलो.

"मी दिला," आप्पा म्हणाले. "चूक माझी हाय."

त्यांच्या भावकीतला एकजण मागून म्हणाला, "गावचंच माणूस घातलं व्हय काट्यात?" अण्णांनी पावती घडी करून खिशात घातली. भावाकडे न बघता ट्रॅक्टरवर चढले, चालू केला आणि निघून गेले. कारखान्यानं चूक कबूल केली, अंदाजानं भरपाईही दिली. पण काट्याच्या बाबतीत अंदाज ह्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? कारखान्यानं गव्हाण्याच्या सोपानला हाताशी धरला, हे गावात पक्कं झालं.

परत येताना जीपमध्ये मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होतो. मोहोळ मागं पडल्यावर ते बोलले. "पोरीला खोकला हाय म्हणालतास. गेला का?" मी गेला म्हणालो. खोकला जाऊन कितीतरी महिने झाले होते.

पुढच्या चैत्रात अण्णांचा फोन आला. आप्पा माझ्या शेजारच्याच टेबलावर होते, त्यामुळे ऐकू आलं. "यंदा नगं येऊ. गावातली पोरं तापल्यात तुज्यावर." आप्पा व्हय म्हणाले, पाण्याची पातळी कुठवर गेली ते विचारलं, केळीचं विचारलं. त्या वर्षी उजवा खांदा अण्णांनी एकट्यानं दिला. त्याच्या पुढच्या वर्षी फोन आला नाही आणि आप्पांनीही केला नाही. मग ती रीतच पडली. जत्रेच्या दिवशी आप्पा ऑफिसात सगळ्यांच्या आधी यायचे आणि कुणी न सांगितलेलं काहीतरी काम काढून बसायचे. त्या दिवशी मी मुद्दाम बाहेरगावचं काम मागून घ्यायचो.

एकदाच मी विचारलं. मंगळवेढ्याहून एसटीनं येत होतो. आप्पा खिडकीशी बसलेले, बाहेर ज्वारीची काढणी चाललेली. मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी खिडकीची काच अर्धी सरकवली.

"तू फोनवर व्हय म्हणालास, तवा माज्या कानावर पंखा आल्ता," ते म्हणाले. "तू पंख्याखाली हुतास. काट्याकडं पंखा कुटला? मला कळलं हुतं, तू गेला न्हाईस. परत फोन लावायचा हुता मी. पर पालखी उठत हुती. मी फोन ठिवला आन् खांदा दिला." मग बाहेर बघत म्हणाले, "आता काय फकस्त तुजं नाव घ्यायचं?"

मला त्या वेळी हलकं वाटलं. हेही लिहायला हवं. निम्मी चूक त्यांची निघाली, असं वाटून मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणावर मी पुढची काही वर्षं काढली. त्यांनी आपल्या निम्म्यासाठी गाव घालवलं आणि माझ्या निम्म्यासाठी मी काहीच घालवलं नाही, हा हिशोब तेव्हा मी मांडला नाही.

मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात मात्र धड राहिला नाही. त्यांनी काम सोडलं आणि त्यांची जागा मला मिळाली. मी आता जागेवर गेलो की बंद काय आहे ते विचारतो. अक्कलकोटला एका कॉलेजात तिथले प्राचार्य मला म्हणाले, की इतक्या काळजीनं काम करणारा माणूस पाहिला नाही, ही शिस्त तुमच्याकडे कुठून आली. मी म्हणालो, सवय आहे. बाहेर येऊन गाडीत बसलो, आणि पुढच्या रविवारी मी उजनीच्या काठाला जाणार हे माझं मला कळलं.

अण्णा पाण्याकाठी उपशाच्या मोटारीपाशी होते. मी कोण ते त्यांना आठवत नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऊन, कुलूप, फोन, केबल, सगळं. पंख्याचं तेवढं सांगितलं नाही, ते आप्पांचं होतं. अण्णांनी मोटार बंद केली. एकाएकी फार शांत झालं.

"आमी त्याला एक डाव इचारलं बी न्हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू तवा आला आस्तास तर बरं हुतं. आता बोलणारे निम्मे गेले. कुणाला सांगशील?"

तरी ते मला देवळात घेऊन गेले. पारावर पाच-सहा म्हातारी माणसं होती. त्यांना मी परत सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. एकजण म्हणाला, आमाला आदीच वाटलं हुतं. दुसऱ्यानं विचारलं, जेवलात का.

सोलापूरला येऊन आप्पांना सांगितलं, तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. तुला कुणी सांगितलं होतं, म्हणाले, आणि तोंड भिंतीकडं केलं. काकू, आप्पांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या, चहा निवला. मग भिंतीकडंच बघत त्यांनी विचारलं, "अण्णा काय म्हणला?" मी सांगितलं. आप्पांनी डाव्या हातानं पांघरूण वर ओढून घेतलं.

चैत्रात अण्णा स्वतः न्यायला आले. मी माझी गाडी काढली. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, आप्पा गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला मी होतो, पण ते मला तिथले आठवत नाहीत. जत्रेतले आठवतात.

पाणी उतरलेलं होतं. जुन्या गावाकडनं पालखी वर आली, देवळाच्या अलीकडं थांबली. उजव्या खांद्याला अण्णा होते. त्यांनी दांडी खांद्यावर तोलून धरली आणि आप्पांकडं बघून मान हलवली, ये म्हणून. हलग्या थांबल्या. माणसांनी वाट केली. आप्पा एका दगडावर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांनी डावा हात वर केला आणि पुढं चला अशी खूण केली. अण्णा थांबून राहिले. आप्पांनी परत खूण केली. मग पालखी हलली, हलग्या वाजायला लागल्या आणि सगळा जमाव तिच्या मागोमाग देवळात गेला.

आम्ही दोघं मागं राहिलो. गावातली एक पोरगी कळशी आणि तांब्या घेऊन आल्यागेल्याला पाणी देत हिंडत होती. तिनं आप्पांच्या डाव्या हातात तांब्या दिला, ते पिईपर्यंत थांबली, आणि विचारलं, "आजोबा, तुमी कुणाकडं आलाय?"

आप्पांनी तांब्या खाली केला. "हितलाच हाय मी, बाय."

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला काही ते पटलं नाही. "मग कवा दिसला न्हाईत ते?"

मी शेजारी उभा होतो. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"कामाला सोलापुरात आसतो," ते म्हणाले. "सुट्टीच मिळत न्हवती."